परदेशी वाचकासाठी आपला सराफा : साहित्य आणि कृती

साहित्य : परदेशी वाचक एक (पहिल्या खेपेला एकच घ्यावा), रिकामी संध्याकाळ एक, चहा लागेल तसा, आणि आपलं स्वतःचं शहर, शक्यतो जन्मापासून मुरलेलं. शहर ताजं नसलं तरी चालतं. आमचं लष्कर १८१० सालचं आहे आणि अजून वापरात आहे.

ही कृती मला कोणी शिकवली नाही, ती माझ्या अंगावर आली. माझा भाचा जर्मनीत नोकरी करतो. त्याच्या कचेरीतल्या मंडळींनी एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. गावोगावचे लोक तिथे कामाला, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या गावातल्या दहा आवडत्या गोष्टी सांगायच्या. भाच्याचा फोन आला. "मामा, ग्वाल्हेरच्या दहा लिहून दे. प्रत्येकी शंभर शब्द. आणि प्लीज, इतिहास नको." इतिहास काढून ग्वाल्हेर लिहायचं म्हणजे पाणी काढून विहीर लिहायची, पण भाच्याला नाही कसं म्हणणार? दहांपैकी सहा गोष्टी सराफ्यातल्याच निघाल्या, कारण मी वाढलो तिथूनच चार गल्ल्या सोडून. पुस्तिका निघाली, वाचकांचे प्रश्न येऊ लागले, आणि शेवटी त्यातला एक वाचक पाठीवर बोचकं घेऊन दारात उभा राहिला. त्या सगळ्या धडपडीतून शिकलो ते नवशिक्यांसाठी इथे देतो.

पहिली पायरी : आपला सराफा कोणता, ते आधी सांगून टाकावं.

परदेशी माणसाने 'सराफा' हा शब्द बहुधा ऐकलेला असतो, पण तो जिभेने ऐकलेला असतो. इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं मिटतात आणि त्यांच्याच पायऱ्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे उजाडतात. त्याची कीर्ती जगभर गेलेली आहे. आमच्या सराफ्यात रात्री दुकानं मिटतात आणि नंतर खरोखरच मिटलेली राहतात. मला आलेला पहिला प्रश्न होता, "रात्री किती वाजता यावं?" मी कळवलं, सकाळी अकराला. त्यावर 'अकरा' आणि 'सकाळ' यात काही चूक झाली आहे का, अशी विनयाने चौकशी आली. तेव्हा पहिल्याच ओळीत लिहावं : हा बाजार बघायचा आहे, खायचा नाही. मन कठोर करून लिहावं. अर्धे वाचक इथेच गळतात, उरलेले चांगले निघतात.

दुसरी पायरी : नावं निस्तरावीत.

मराठीत गाव ग्वाल्हेर, स्टेशनच्या पाटीवर ग्वालियर. पण सराफा ज्यात आहे ते मूळचं ग्वाल्हेरही नव्हे, ते लष्कर. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर वेगळं, मुरार वेगळं, आणि तिघांचं मिळून पुन्हा ग्वाल्हेरच. वाड्याचा आमच्याकडे बाडा झालेला आहे, म्हणून सराफ्याला जायचं तर महाराज बाड्यावर उतरायचं. राजघराणं शिंद्यांचं, पण हिंदीत आणि इंग्रजीत ते सिंधिया. मी भाबडेपणाने कुठे शिंदे लिहिलं होतं, कुठे सिंधिया. एका वाचकाने फार अभ्यास करून विचारलं : शिंद्यांनी सिंधियांचा पराभव कोणत्या साली केला?

असे प्रश्न हसण्यावारी नेऊ नयेत. मी दोन दिवस हसलो, आणि तिसऱ्या दिवशी नीमाच्या झाडाबद्दल लिहायला बसलो तेव्हा कळलं की प्रश्न दिसतो तितका खुळा नाही. पण ते पुढे.

तिसरी पायरी : आपण इथे कसे आलो ते एका वाक्यात सांगावं. सांगता येत नाही, पण प्रयत्न करावा.

माझं वाक्य असं होतं : दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेला लष्कराचा तळ टाकला, आणि तो उठवायला कोणी सांगितलं नाही म्हणून आम्ही अजून तिथेच आहोत. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती बाजार आले. सरदार संपले पण त्यांची नावं रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिली. फालका बाजार, पाटणकर बाजार, निंबाळकर की गोठ, शिंदे की छावनी. रिक्षावाला 'निंबालकर की गोट' म्हणतो आणि त्यात त्याला शेळी दिसते की सरदार, हे मी कधी विचारलेलं नाही.

इथे एक खबरदारी. परदेशी वाचकांचे दोन प्रकार असतात. एक पासपोर्ट घेऊन येतो आणि दुसरा पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने. पहिला विचारतो, "तुम्ही मध्य प्रदेशात मराठी का बोलता?" दुसरा म्हणतो, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे!" पहिल्याला उत्तर देता येतं. दुसऱ्याला चहा द्यावा. फारच झालं तर भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी होते हे सांगावं, आणि १९६१चं मराठी साहित्य संमेलन इथेच भरलं, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या बाई, हेही. मग तो म्हणतो, "हो का? मला वाटलं इंदूर."

चौथी पायरी किल्ल्याची. ती वगळावी. किल्ला आपल्या शिफारशीवर अवलंबून नाही, तो स्टेशनातूनही दिसतो. गणितातले वाचक चतुर्भुज मंदिरातलं शून्य बघायला जाणारच. तिथल्या नवव्या शतकातल्या शिलालेखात २७० हा आकडा शून्यासकट कोरलेला आहे. बाकीचे जयविलास महालात जातील आणि साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं छताला पेलतील का, हे पाहायला वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट ऐकून येतील. आपण माना डोलवाव्यात. आपली आवडती गोष्ट यातली नाही हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

आता मुख्य पदार्थ.

माझ्या यादीत सर्वांत वर होतं सराफ्यातलं नीमाचं झाड. का, तर लहानपणी मी तिथे उभा राहायचो. बाबा आईची जोडवी किंवा आजीच्या मंगळसूत्राची सुटलेली वाटी घेऊन आत सराफाकडे जायचे आणि मला सांगायचे, "निंबाखाली थांब, हलू नकोस." त्या अर्ध्या तासात मी किती सायकली मोजल्या असतील! झाडाशी एक अर्धपुतळा आहे. तो कोणाचा, हे मला पाचवीपर्यंत माहीत नव्हतं. थांबायची जागा एवढाच त्याचा अर्थ.

पुतळा अमरचंद बांठियांचा. मूळचे बिकानेरकडचे, धर्माने जैन, आणि कामाने शिंद्यांच्या 'गंगाजळी' खजिन्याचे खजिनदार. १८५८च्या जूनमध्ये तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी ग्वाल्हेरात आले, जयाजीराव शिंदे आग्र्याकडे गेले, आणि बांठियांनी खजिना बंडवाल्या फौजेसाठी उघडून दिला. फौजेला पगार हवा होता, अन्न हवं होतं. काही दिवसांतच राणी पडल्या, इंग्रजांनी शहर परत घेतलं, आणि २२ जून १८५८ला बांठियांना त्यांच्याच पेठेत, या नीमावर, फासावर चढवलं. लोकांना दिसावं म्हणून देह तीन दिवस तसाच लटकत ठेवला, असं सांगतात.

हे शंभर शब्दांत, इतिहास वगळून लिहून पाहा. माझा पहिला खर्डा साडेतीनशे शब्दांचा झाला. भाच्याने तारखा काढल्या, मग त्याच्या एका सहकाऱ्याने नावं कमी केली, कारण वाचकाला एका परिच्छेदात तीनपेक्षा जास्त भारतीय नावं झेपत नाहीत म्हणे. छापून आलं ते साधारण असं : बाजारात एक जुनं झाड आहे. इथे एका खजिनदाराला फाशी दिली. सावली चांगली आहे.

प्रश्न आला : ही तुमची आवडती जागा कशी काय?

आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, ज्याने माझी झोप उडवली : यात तुमच्या बाजूचे लोक कोण होते?

नवशिक्याने इथे घाई करू नये. माझे पणजोबा शिंदे सरकारच्या दफ्तरात कारकून. घरात जयाजीरावांच्या दरबाराची तसबीर होती, पगडीधारी मंडळी ओळीने बसलेली. त्याच भिंतीवर घोड्यावरची राणी, पाठीला मूल बांधलेली. दोन्ही तसबिरींना दसऱ्याला एकाच ताटातली फुलं. खजिना शिंद्यांचा, म्हणजे आमचा. उघडला तो राणी, तात्या आणि पेशव्यांसाठी, म्हणजे आमच्यासाठी. उघडला म्हणून शिक्षा झाली ती शिंद्यांना गादीवर परत बसवणाऱ्यांकडून, म्हणजे पुन्हा आमच्याच बाजूने की काय? सगळी मराठी माणसं दोन्हीकडे वाटली गेलेली, आणि मधल्यामध्ये फासावर गेला तो एक मारवाडी जैन हिशेबनीस. शिंद्यांनी सिंधियांना कोणत्या साली हरवलं, असं त्या वाचकाने विचारलं होतं ना? मी पेन खाली ठेवलं. भाच्याला कळवलं, "त्यांना सांग, सावली चांगली आहे."

तुम्हाला तुमच्या गावाबद्दल असा प्रश्न आला तर काय करावं, याची कृती माझ्याकडे नाही. पुढच्या पायरीकडे जावं.

गाण्याची पायरी थोडक्यात. ग्वाल्हेर घराणं हे दाखवता येत नाही, आणि परदेशी वाचकाला नेमकं तेच दाखवून हवं असतं, कारण २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हटलं आणि तेव्हापासून लोकांची कल्पना अशी आहे की इथे कोपऱ्याकोपऱ्यावर ख्याल चालू असतो. कोपऱ्यावर हॉर्न चालू असतो. हद्दू-हस्सू खाँ, शंकर पंडित, कृष्णराव पंडित ही नावं सांगावीत. हीच गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथून महाराष्ट्रात घेऊन गेले, हे पुणेरी वाचकाला आवर्जून सांगावं, चहाची भरपाई होते. तानसेनच्या समाधीशेजारची चिंचेची पानं खाल्ली की गळा सुधारतो, हे सांगू नये. लोक खरंच खातात.

आता वाचक प्रत्यक्ष आला तर.

माझा आला तो डिसेंबरात. उंच, शांत, वजनकाट्यांच्या कारखान्यातला अभियंता, हे मला नंतर कळलं. आल्या आल्या त्याने माझी यादी काढली, जर्मनमध्ये छापलेली, त्यावर पेन्सिलने खुणा. मी म्हटलं, यादी खिशात ठेव, वर बघ.

सराफ्यात वर बघावं ही माझी दुसरी आवडती गोष्ट. जुन्या सावकारांच्या हवेल्यांना दगडी झरोके आहेत, जाळ्या आहेत, कमानींच्या कडांना इतकं बारीक कोरीवकाम की दगडाला आकडीने विणलंय असं वाटावं. खाली दुकानांच्या पाट्या, मध्ये तारांचं जाळं, वर झरोके. अडचण एकच : वर बघायचं तर उभं राहायला हवं, आणि सराफ्यात उभं राहिलेल्या माणसाला स्कूटर, हातगाडी आणि गाय या क्रमाने हलवून पुढे नेतात. तेव्हा कृती अशी. बंद दुकानाच्या पायरीवर चढावं, पाठ शटरला टेकवावी, पाहुण्याला डाव्या हाताशी धरावं, आणि "तो बघ" असं न म्हणता गप्प राहावं. मला ते जमलं नाही. मी बोललो. तो म्हणाला, सुंदर आहे. 'सुंदर' हा शब्द इतक्या लवकर आला की समजावं, मनात काही गेलेलं नाही.

नीमाखाली त्याला उभं केलं. त्याने पुतळ्याला नमस्कार केला, अगदी हात जोडून, आणि विचारलं की झाड आपल्याकडे इतकी वर्षं टिकतं का. मी म्हटलं, टिकतं. तो बघतच होता. मग हळूच म्हणाला, सावली खरंच चांगली आहे. डिसेंबरातल्या सकाळी कोणाला सावली हवी असते? पण पाहुणा सभ्य होता.

गजकेने थोडी लाज राखली. हिवाळा असल्याचा फायदा घ्यावा. तीळ आणि गूळ, बाकी काही नाही, पण गुळाचा पाक ओढून ओढून पांढुरका करतात, भाजलेल्या तिळांबरोबर लाकडी मोगऱ्यांनी कुटतात, आणि त्याचे पापुद्रे पडतात. मुरैन्याच्या गजकेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी ग्वाल्हेरकर आपली तीच खरी म्हणतो. आमच्या घरी संक्रांतीला तिळाच्या वड्या कोणी करत नाही, गजकच वाटतात, आणि "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे गजक हातात घेऊनच म्हणतात. त्याने तीन तुकडे खाल्ले. वहीत लिहिलं : तीळ, ७० टक्के? अभियंता.

मग सोन्याच्या दुकानाची पायरी. ती माझ्या यादीत नव्हतीच, कारण दुकानात बघण्यासारखं काय असतं? आमच्या सौभाग्यवतींच्या मंगळसूत्राचा दोरा बदलायचा होता, म्हणून वाटेत थांबलो एवढंच. पांढऱ्या गादीवर सराफ, समोर आम्ही, चहा आला. सराफाने मंगळसूत्राच्या दोन वाट्या पालथ्या करून दाखवल्या आणि एक माहेरची, एक सासरची असं हिंदीत समजावलं. मी त्याचं इंग्रजी केलं. पाहुण्याने विचारलं, कोणती कोणती ते ओळखायचं कसं? आम्हा दोघांनाही उत्तर आलं नाही.

तोळा म्हणजे किती, हे त्याने माझ्या पत्रातून वाचलेलं होतं. बारा मासे एक तोळा, आठ गुंजा एक मासा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. सराफ खूश झाला. त्याने गल्ल्यातून एक डबी काढली आणि हातावर चार गुंजा ठेवल्या, लाल, डोक्याशी काळा ठिपका. हिंदीत रत्ती. पूर्वी याच बियांनी सोनं तोलायचे. पाहुण्याने एक गुंज उचलली, उजेडात धरली. मी घाईने सांगितलं, तोंडात घालू नको, विषारी आहे. तोळा ११.६६४ ग्रॅमचा, भागिले शहाण्णव, म्हणजे एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम, हे त्याने मनातल्या मनात केलं आणि सराफाला म्हणाला, या चारही सारख्या वजनाच्या नसणार. सराफ म्हणाला, नसतातच. म्हणून तर सराफ लागतो.

त्यानंतर तिथे जे काही झालं ते मी पाहिलं नाही. मी चहा पीत होतो.

महिन्याने भाच्याने त्या पाहुण्याचा मजकूर पाठवला. पुस्तिकेच्या पुढच्या अंकासाठी त्याने ग्वाल्हेरातली आपली एक आवडती गोष्ट लिहिली होती. किल्ला नाही, झरोके नाहीत, नीम नाही, माझं नावही नाही. त्याने लिहिलं होतं की या बाजारात आवाज एका क्षणीच थांबतो. सोनं तोलायचं असलं की दुकानदार काट्याच्या काचेची झडप लावतो, पंख्याचं बटण बंद करतो, आणि दुकानातली सगळी माणसं, बोलणारी, घासाघीस करणारी, चहा ओतणारी, श्वास धरल्यासारखी गप्प होतात. आकडा स्थिर होईपर्यंत. मग पंखा सुरू.

पन्नास वर्षं मी त्या दुकानांत जातोय. डिसेंबरात पंखा चालू असतो का, इथूनच मला शंका. दुसऱ्या दिवशी बाड्यावर उतरलो, सराफ्यात शिरलो, निंबाखालून गेलो आणि त्याच दुकानात गादीच्या कडेला बसलो. एक बाई बांगड्या मोडायला आल्या होत्या, बरोबर सून, सुनेच्या कडेवर मूल. भाव चालला होता, सून सासूच्या कानात काही सांगत होती, मूल रडत होतं. छोटा टेबलफॅन खरोखरच फिरत होता, थंडीतही, बहुधा भट्टीच्या धुरासाठी. सराफाने बांगड्या काट्यावर ठेवल्या, काचेची झडप ओढली, हात मागे नेऊन पंख्याचं बटण दाबलं.

सासू गप्प झाली. सून गप्प झाली. मुलानेसुद्धा काट्याकडे पाहिलं.

आकडा थांबला, पंखा फिरू लागला, मूल पुन्हा रडलं. सराफाचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"क्या तुलवाना है, साहब?"

"कुछ नहीं."

"तो बैठिए, चाय मँगवाता हूँ."